राजाबाई टॉवर हे एका ग्रंथालयाचं दार आहे

मी एम.ए.ला होते तेव्हा आईने एकदा विचारलं, "दिवसभर असतेस कुठे तू?"

"राजाबाई टॉवरला."

"टॉवरला? अगं, तिथे तर घड्याळ आहे. बसतेस कुठे?"

आईची नोकरी फोर्टात. वीस वर्षं ती चर्चगेटला उतरून ओव्हल मैदान ओलांडून जायची, मनोऱ्याकडे बघून हातातलं घड्याळ लावायची. त्या मनोऱ्याला लागून एक लांबलचक दगडी इमारत आहे, ती मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, हे तिला माहीतच नव्हतं. तिचीच काय, मुंबईत जन्म काढलेल्या कितीतरी माणसांची हीच गत आहे. घड्याळ सगळ्यांना ठाऊक असतं, ग्रंथालय मोजक्यांना. खरं तर मनोरा हा या ग्रंथालयाचाच भाग आहे. गाडी खाली थांबावी, पाऊस अंगावर न येता माणसाने आत जावं, एवढ्यासाठी ग्रंथालयाच्या दाराशी एक पोर्च बांधला आणि त्याच्यावर मनोरा चढवला. म्हणजे आपण सगळे दीडशे वर्षं दाराकडे बघत आलो, घराकडे नाही. म्हणून आज या घराविषयी सांगते: ते का बांधलं, कोणाच्या पैशाने बांधलं आणि त्याचा दगड न् दगड असा का बसवला.

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८ जुलै १८५७ रोजी. आज विद्यापीठ म्हटलं की वर्ग, प्राध्यापक, वसतिगृह असं चित्र डोळ्यांपुढे येतं. तेव्हाचं विद्यापीठ तसं नव्हतं. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते फक्त परीक्षा घ्यायचं आणि पदव्या द्यायचं. शिकवायचं काम एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांचं. पहिली मॅट्रिक १८५९ ला झाली. १८६२ ला पहिले बी.ए. बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढे मराठी विचारविश्वावर ज्यांची छाप पडली त्या दोघांच्या विद्यापीठाला त्या वेळी स्वतःची इमारत नव्हती आणि ग्रंथालयही नव्हतं. परीक्षा घ्यायला बाकं आणि पदवी द्यायला उसनं सभागृह एवढ्यावर भागत होतं. पुस्तकांची गरज कॉलेजांनी भागवावी, अशी समजूत होती.

ही समजूत मोडली ती कापसाच्या पैशाने.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि त्यांनी मुंबईकडे धाव घेतली. कापसाचे भाव असे चढले की मुंबईत पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअर कित्येक पटींनी वधारले. या सगळ्या उलाढालीच्या मध्यभागी एक तिशीतला जैन दलाल बसला होता, सुरतहून आलेला प्रेमचंद रायचंद. १८६४ ला त्याने विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले. त्याच वर्षी आणखी दोन लाख दिले, ते मनोऱ्यासाठी. अट एकच: मनोऱ्याला आपल्या आईचं, राजाबाईंचं नाव द्यावं.

हा क्रम लक्षात ठेवावा असं मला फार वाटतं. आधी पुस्तकांसाठी पैसा आला, मग घड्याळासाठी. नाव मात्र घड्याळाच्या वाट्याला आलं.

राजाबाईंची एक गोष्ट मुंबईत पिढ्यानपिढ्या सांगतात. त्यांना दिसत नसे. जैन आचाराप्रमाणे सूर्यास्तानंतर जेवायचं नाही. तेव्हा वेळ कोणाला विचारायला लागू नये, घंटेच्या टोल्यांवरून कळावी, म्हणून मुलाने हे घड्याळ उभारलं. गोष्ट लोकांच्या तोंडी राहिली आहे आणि ती का राहिली हे कळतं. आईसाठी कोणी काही केलं की ते आपल्याला लगेच पटतं.

पुढे १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्याच्या सौद्यांचा हिशेब चुकता करायचा दिवस होता. त्या दिवशी अर्ध्या मुंबईचं दिवाळं वाजलं. बँका बुडाल्या, प्रेमचंदही बुडाला. विद्यापीठाला दिलेलं दान मात्र त्या पुरात वाहून गेलं नाही. इमारत उभी राहिली. कापसाच्या तेजीतला एवढा पैसा कुठे कुठे गेला याचा हिशेब कोणी मांडला, तर सगळ्यांत टिकाऊ जमा बहुधा याच बाजूला निघेल.

आता जागेकडे वळू. मुंबईला तेव्हा कोट होता, जुनी माणसं अजून फोर्टला "कोटात" जातो म्हणतात ते त्यामुळेच. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात, १८६० च्या दशकात, कोटाच्या भिंती पाडल्या. त्यामुळे पश्चिमेला मोकळी जमीन मिळाली. तिच्यावर एका ओळीत सार्वजनिक इमारती उभ्या करायचं ठरलं: सचिवालय, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय, उच्च न्यायालय. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. आज त्यांच्यासमोर कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग, मग ओव्हल मैदान आणि त्यापलीकडे आर्ट डेको इमारतींची रांग दिसते. ती रांग आहे तिथे तेव्हा समुद्र होता. भराव घालून ती जमीन विसाव्या शतकात काढली. म्हणजे ग्रंथालय बांधलं तेव्हा मैदानापलीकडे थेट पाणी होतं आणि दुपारचा खारा वारा सरळ खिडक्यांवर यायचा. इमारतीच्या रचनेतल्या निम्म्या गोष्टींचा उलगडा या वाऱ्याने होतो.

आराखडे केले सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी. लंडनचं सेंट पँक्रस स्टेशनचं हॉटेल आणि अल्बर्ट स्मारक त्यांचंच. स्कॉट मुंबईला कधीही आले नाहीत. लंडनमध्ये बसून त्यांनी नकाशे काढले, ते बोटीने आले, आणि इथल्या इंजिनिअरांनी, पाथरवटांनी, सुतारांनी ते दगडात उतरवले. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये मनोरा पुरा झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये स्कॉट वारले होते. ग्रंथालय वाचकांसाठी उघडलं १८८० मध्ये. एकंदर खर्च साडेपाच लाखांच्या घरात गेला.

ही इमारत "गॉथिक" आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं. म्हणजे काय, ते एका कमानीवरून समजून घेऊ. अर्धगोल कमानीत रुंदी ठरली की उंचीही ठरून जाते. दहा फूट रुंद कमान पाच फूटच उंच होणार. टोकदार कमानीला हे बंधन नाही. दोन बाजू वर येऊन टोकाला भेटतात, त्या हव्या तेवढ्या उंच नेता येतात. शिवाय टोकदार कमान भार बाजूंना कमी ढकलते. गुळगुळीत फरशीवर पाय फाकवून उभं राहा, पाय बाहेर घसरू लागतात. पाय जवळ घ्या, वजन सरळ खाली जातं. कमानीचंही तसंच. भार सरळ खांबांत गेला की मधली भिंत मोकळी होते. मोकळ्या भिंतीत मोठ्या खिडक्या काढता येतात. बाजूला जो थोडा रेटा उरतो, तो झेलायला बाहेरून दगडी टेकू देतात. उंच छत, मोठ्या खिडक्या, बाहेरचे टेकू, ही सगळी त्या एका टोकदार कमानीची पिल्लं.

आणि ही कमान आपल्याला परकी नव्हती. विजापूर, अहमदनगर, बिदरकडच्या इमारतींत ती शतकानुशतकं आहे. स्कॉट यांनी ग्रंथालयासाठी व्हेनिसकडचा गॉथिक नमुना जवळ केला. व्हेनिस हे पूर्वेशी व्यापार करणारं बंदर. त्याच्या कमानींवर पूर्वेच्या कमानींची छाया आहेच. मुंबईसारख्या बंदराला ती शोभून दिसते, असं मला नेहमी वाटत आलं.

आत शिरताना आपण मनोऱ्याच्या पोटातून जातो. पोर्च २६ फूट चौरस आहे. तळमजल्यावर दोन्ही बाजूंना एकेक दालन. खरं ग्रंथालय वर, पहिल्या मजल्यावर: सुमारे १५२ फूट लांब आणि ३० फूट रुंद असा एकच वाचनकक्ष, वर उंच लाकडी छत. वाचनकक्ष वरच का, हे मला पहिल्याच पावसाळ्यात समजलं. मुंबईत जमिनीलगतच्या भिंती जून ते सप्टेंबर ओल धरतात. कागदाला ओल लागली की बुरशी येते, मग कसर. वरच्या मजल्यावर वारा खेळतो, उजेडही जास्त. कक्ष अरुंद असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून आलेला उजेड मधल्या टेबलापर्यंत पोचतो. विजेचे दिवे नव्हते तेव्हाची ही योजना आहे. दिवसा वाचायचं तर सूर्याच्याच भरवशावर, म्हणून खोली सूर्याच्या मापाने कापलेली. दर्शनी बाजूला कमानींचा सज्जा आहे, त्यामुळे ऊन आणि पावसाची झड थेट आत येत नाही. आपल्याकडे घराला ओटी-पडवी असते, तिचंच हे दगडी रूप म्हणायला हरकत नाही. कोपऱ्यांवर गोल जिने आहेत, त्यांना दगडी जाळ्या. जिना बंदिस्त केला असता तर कोंदट झाला असता. जाळीमुळे चढतानाही तोंडावर वारा येतो.

मनोरा तीन टप्प्यांत चढतो. पहिला टप्पा चौकोनी, जमिनीपासून ६८ फुटांपर्यंत. तिथे सज्जा आहे. त्याच्यावर चौकोनाचा अष्टकोन होतो आणि तो ११८ फूट जातो. शेवटचे ९४ फूट कळसाच्या टोकापर्यंत. एकूण २८० फूट. चौकोनाचा अष्टकोन का? जसजसं वर जावं तसतसा वारा जोरात लागतो आणि वजन कमी करावं लागतं. चार कोपरे छाटले की दोन्ही गोष्टी साधतात. छाटलेल्या कोपऱ्यांच्या जागा मोकळ्या राहतात, तिथे पुतळे आणि छोटे कळस बसवले आहेत.

या पुतळ्यांसाठी एक दुर्बीण घेऊन ओव्हलवर जावं. एकूण चोवीस आहेत. पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींची माणसं, आपापल्या पगड्या आणि पेहरावांत. युरोपातल्या गॉथिक इमारतीत या जागी संत आणि राजे उभे असतात. इथे बाजारपेठेत दिसणारी माणसं आहेत. त्यांचे नमुने तयार केले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या असिस्टंट इंजिनिअरने. स्कॉट यांचं नाव प्रत्येक माहितीपत्रकात असतं, या माणसाचं क्वचित. मला ते खटकतं. लंडनच्या नकाशात पगडीची घडी कशी असते हे कोणाला ठाऊक असणार? ती इथल्या हातांनी आणली. मनोऱ्याचा दगडही इथलाच, कुर्ल्याच्या खाणीतला, पिवळसर झाक असलेला. म्हणून संध्याकाळी मनोरा मधासारखा दिसतो, करडा नाही.

आता काचा. या इमारतीतली मला सगळ्यांत प्रिय गोष्ट.

वाचनकक्षाच्या आणि जिन्याच्या खिडक्यांना रंगीत काचा आहेत. लोकांना वाटतं, साध्या काचेवर रंग दिला असेल. तसं नाही. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंचे क्षार मिसळतात. कोबाल्टने निळी, तांब्याने हिरवी किंवा लाल, अशा वेगवेगळ्या रंगांच्या काचा ओततात. मग आकृतीप्रमाणे तुकडे कापायचे. पान, फूल, चेहरा यांच्या बारीक रेषा काढायला काचेची भुकटी मिसळलेला गडद रंग वापरतात आणि तुकडा पुन्हा भट्टीत घालतात, म्हणजे रेष काचेत मुरते, पुसली जात नाही. मग तुकडे एकमेकांना जोडायचे ते शिशाच्या पट्ट्यांनी. पट्टीला दोन्ही बाजूंनी खाच असते, एका खाचेत हा तुकडा, दुसरीत तो. सांध्यांवर डाग द्यायचा, फटींत लुकण भरायचं. दुरून आपल्याला चित्रातल्या ज्या काळ्या रेघा दिसतात, त्या म्हणजे हे शिसं.

शिसं मऊ, म्हणून हवं तसं वळतं, आणि मऊ म्हणूनच थकतं. रोज उन्हाने ताणायचं, रात्री आकसायचं, वर काचेचं वजन, समोरून समुद्राचा वारा. शंभर वर्षांत पट्टी पोटातून फुगते, लुकण सुकून गळतं, तुकडे सैल होतात, वाऱ्याने वाजायला लागतात. मी जायचे तेव्हा एका खिडकीजवळ हा बारीक किणकिणाट ऐकू यायचा. मला तो गोड वाटायचा. ती खिडकी मोडकळीला आल्याची खूण होती, हे फार नंतर कळलं.

अशी काच दुरुस्त करायची म्हणजे अख्खं तावदान उतरवायचं, टेबलावर आडवं ठेवायचं, कागद घासून त्याचा ठसा घ्यायचा, तुकड्यांना नंबर द्यायचे, जुनं शिसं सोडवायचं, प्रत्येक तुकडा धुवायचा, फुटलेला जोडायचा, हरवलेल्या जागी त्याच छटेची काच शोधायची, नवं शिसं घालून पुन्हा बांधायचं. २०१३ ते २०१५ या काळात इमारतीचं मोठं जतनकाम झालं, त्यासाठी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने पैसा पुरवला. दगडावरची काजळी निघाली, काचा पुन्हा बांधल्या गेल्या. २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. ओव्हलच्या एका बाजूला हे ग्रंथालय आणि दुसऱ्या बाजूला ती भरावावरची रांग, दोन्ही त्यात आहेत.

पण ग्रंथालय म्हणजे काही नुसती इमारत नव्हे. परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाला पुस्तकांची खरी भूक लागली ती विसाव्या शतकात, जेव्हा ते स्वतः शिकवू आणि संशोधन करू लागलं. १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस. १९२४ पासून गो. स. घुर्ये. त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे शिकल्या, एम. एन. श्रीनिवास शिकले. भारतीय समाजाचा अभ्यास करणारी एक अख्खी पिढी या विद्यापीठातून निघाली. मागे संदर्भांचं कपाट भरलेलं असल्याशिवाय असं काम होत नाही.

हस्तलिखितांचा साठा तर वेगळाच. संस्कृत, प्राकृत, अरबी, फारसी, उर्दू. कोणी देणगी दिलेला संग्रह, कोणाच्या स्मरणार्थ आलेला. अशा साठ्याचं काम पुस्तक फडताळावर ठेवून संपत नाही. हस्तलिखिताला मुखपृष्ठ नसतं, लेखकाचं नाव कधी शेवटच्या ओळीत, कधी कुठेच नाही. कोणीतरी बसून पान न् पान वाचायचं, सुरुवात आणि शेवट उतरवायचा, विषय, काळ, लिपी, पानांची संख्या नोंदवायची. भगवतसिंहजी संग्रह आणि भडकमकर स्मृतिसंग्रह यांतल्या संस्कृत-प्राकृत पोथ्यांची अशी वर्णनात्मक सूची गो. वि. देवस्थळी यांनी केली, ती १९४४ मध्ये छापली गेली. अरबी, फारसी, उर्दू हस्तलिखितांची सूची त्याआधी, १९३५ ची. अशी सूची हाताळताना मला कायम त्या बसून काढलेल्या दुपारी दिसतात. ज्या पोथीची नोंद नाही ती असून नसल्यासारखी, हे हस्तलिखितांबरोबर काम करणारं कोणीही सांगेल.

विद्यापीठ वाढलं तसं कलिन्याला विद्यानगरी उभी राहिली आणि तिथे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय झालं. रोजची वर्दळ तिकडे गेली. फोर्टातलं ग्रंथालय शांत झालं.

मनोऱ्याबद्दल दोन शब्द राहिले. त्यात सोळा घंटा आहेत. एके काळी त्या "गॉड सेव्ह द क्वीन", "होम स्वीट होम" अशा सुरावटी वाजवायच्या. आता दर पाव तासाला टोले पडतात. वाचनकक्षात ते थेट डोक्यावरून येतात, पण आठवडाभरात कानाला सवय होते, आणि मग एखाद्या दिवशी लक्षात येतं की आपण परिच्छेद टोल्यांच्या मापाने वाचतो आहोत.

आईला मी शेवटी आत घेऊन गेले. जिना चढताना ती दोनदा थांबली, जाळीतून बाहेर बघितलं. वर पोचलो तेव्हा साडेचार झाले असतील. ऊन पश्चिमेकडून तिरपं येत होतं आणि टेबलांवर लाल-निळे चौकोन पडले होते. तिने एका चौकोनावर हात ठेवला, हात निळा झाला. "बाहेरून या खिडक्या काळ्या दिसतात गं," ती हळूच म्हणाली.

बरोबर होतं तिचं. रंगीत काच उजेडाच्या विरुद्ध बाजूने बघायची असते. दिवसा बाहेर लख्ख आणि आत अंधार, म्हणून ओव्हलवरून त्या खिडक्या नुसत्या काळ्या पट्ट्या वाटतात आणि नजर वर घड्याळाकडे जाते. वीस वर्षं ती तशीच गेली होती. संध्याकाळी अंधार पडल्यावर, आत दिवे लागलेले असतील तर, उलट होतं. त्या दिवशी आम्ही मुद्दाम मैदानात थांबलो. आधी घड्याळाची तबकडी उजळली, आणि मग तिच्या खाली, झाडांच्या मागे, एकेक खिडकी रंगात आली.